नात्याबाहेरच्या दोन व्यक्ती

प्रेम विश्वासाच्या पायावर उभं राहतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांपासून समुपदेशकांपर्यंत सगळेच हे सांगतात, तेव्हा ते खरं असणार. शहापुरात काम करणारी नम्रता निचिते आणि वाशिंदचा दीपेश भेरे यांच्या बाबतीत मात्र पाया खणायला घेतला तेव्हा खाली संशय निघाला. तो इतका टणक होता, की वेगळं काही भरायची गरजच पडली नाही.

सुरुवात मोटारसायकलच्या चावीपासून झाली.

ऑक्टोबरातली दुपार होती. नम्रता बाजारातून बँडेजचे रोल घेऊन परत आली, तर संस्थेच्या ऑफिससमोर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उकिडवा बसून संस्थेच्या मोटारसायकलींचे फोटो काढत होता. नंबरप्लेट, आरसे, टायर... टायरांवर त्याचं विशेष प्रेम दिसत होतं. त्याची स्वतःची गाडी बाजूला उभी होती आणि चावी तिलाच लटकत होती. नम्रताने ती हळूच काढून मुठीत घेतली आणि मग खाकरली.

"झाले का फोटो?"

तो दचकला नाही. "एक राहिलाय. हा मागचा टायर गुळगुळीत आहे."

"तुमचा आहे का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय त्याचं? गाड्या चोरणारे पण आधी फोटोच काढतात."

"चोर नंबरप्लेटचा फोटो कशाला काढेल? तो तर ती बदलणार."

"बरीच माहिती दिसते."

तो उठला. गुडघ्यावरची माती झटकली. "मी दीपेश भेरे. जोखीम व्यवस्थापन अधिकारी." लोक रक्तगट सांगतात तसं त्याने हे सांगितलं.

"म्हणजे काय करता?"

"काय वाईट होऊ शकतं, ते शोधून काढतो."

"आणि मग?"

"मग ते लिहून ठेवतो."

"आणि ते खरंच झालं तर?"

"तर ते लिहिलेलं असतं."

नम्रताने त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. एक तर ते नव्हतं, किंवा फार चांगल्या बंदोबस्तात ठेवलेलं होतं. तो मात्र आता खिसे चाचपत होता. पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा...

"माझी चावी—"

"काय वाईट होऊ शकतं ते तुम्हीच शोधता ना?" ती पायरी चढता चढता म्हणाली. "शोधा."

या संस्थेचं नाव रानवाट. खर्डीच्या आत डोंगराला टेकलेल्या पाड्यांवर भातकापणीच्या दिवसांत साप चावतो. अँब्युलन्स येते, पण उशिरा, आणि डांबर संपतं तिथे थांबते. तिथून पाड्यापर्यंत पायवाट. म्हणून रानवाटने एक फोन आणि काही मोटारसायकली ठेवल्या होत्या. पुढे चालवणारा, मध्ये साप चावलेला माणूस, मागे त्याला धरून बसलेला दुसरा स्वयंसेवक. असं तिघांना घेऊन गाडी थेट शहापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत जायची. कायद्याने हे चालत नाही. पायवाटेवर मात्र दुसरं काही चालत नाही.

स्वयंसेवक आजूबाजूच्या गावांतली पोरं होती. फोन नम्रताकडे असायचा आणि माणूस कमी पडला की गाडीही तीच काढायची. हे सगळं ज्या मुंबईच्या कंपनीच्या देणगीवर चालत होतं, तिने यंदा कळवलं होतं, की आधी आपल्या अधिकाऱ्याचा जोखमीचा अहवाल आणि मगच पुढचं वर्ष. अहवाल वाईट आला तर पेट्रोल नाही, फोन नाही. पाड्यावर पुन्हा भगत आणि अंगारा.

आणि वाईट यायला कारणही होतं. गेल्या वर्षी अजय नावाचा स्वयंसेवक पेशंटला पोचवून परत येताना गाडीसकट ओढ्यात गेला. हात मोडला. विमा कोणाचाच नव्हता. संस्थेने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. शाल त्याला एका हाताने नीट घेता आली नाही, तेव्हा ती अध्यक्ष अनिलसरांनी स्वतः गुंडाळली, असं फोटोत दिसतं.

म्हणून नम्रताने ठरवलं, की या माणसाला गोड बोलायचं आणि काही सांगायचं नाही. पहिलंच जमलं नाही.

"चहा घेणार?"

"नको. भेटवस्तू धोरण आहे आमचं."

"चहा भेटवस्तू?"

"तपासणी चालू असताना, हो."

"बिनसाखरेचा दिला तर?"

तो खरोखर विचार करू लागला. मग म्हणाला, "तरी पण नको," आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. तीही घरून आणलेली.

अजय कोपऱ्यात साखळीला तेल घालत होता. त्याला राहवलं नाही. "सर, तुमी एकदा मागं बसून बघा ना पाड्यापातूर. सगला धोका दिसतो तिथनं. इकडं खुर्चीत बसून काय दिसनार?"

"अजय, तू पडलास तेव्हा घरात कमावणारं दुसरं कोण होतं?"

"आय."

"तू या कामाला येतोस, त्याआधी तिला कोणी विचारलं होतं?"

अजयने नम्रताकडे पाहिलं. नम्रताने साखळीकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता, आणि तो अशा माणसाने विचारला होता ज्याला आवडून घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. दुपारभर तिला ते टोचत राहिलं.

संध्याकाळी निघताना त्याने नवीन काढलं. "स्वयंसेवक बायका-मुलांना एकटे घेऊन जातात. सगळ्यांची पोलीस पडताळणी लागेल. शिवाय प्रत्येकाचे दोन संदर्भ. नात्याबाहेरच्या दोन व्यक्ती, लहानपणापासून ओळखणाऱ्या."

"माझे पण?"

"प्रमुखाचे आधी. मी स्वतः जाऊन भेटतो. फोनवर लोक खोटं बोलतात."

"आणि समोर?"

"समोर चेहरा दिसतो."

"माझा दिसतोय?"

"दिसतोय..." तो म्हणाला, आणि एकदम टायरकडे बघायला लागला.

नम्रताने माहेरच्या, म्हणजे अजून ती तिथलीच असल्यामुळे गावच्या, शेजारीण हौसाकाकींचं आणि गिरणीवाल्या संदीपचं नाव दिलं. मग मूठ उघडून चावी दिली. बोटांना बोटं लागली. दोघांनीही आपण त्या गावचेच नाही असा चेहरा केला.

आता जरा गावाबद्दल. मुरबाड रस्त्याला सरळगावच्या पुढे आत वळलं की नम्रताचं गाव लागतं. या भागात इस्त्रीच्या शर्टातला अविवाहित तरुण रविवारी सकाळी मोटारसायकलवरून येतो, ओट्यापाशी थांबतो आणि आवाज खाली घेऊन म्हणतो, "नम्रता निचितेंबद्दल थोडी माहिती हवी होती. इतक्यात घरच्यांना कळवू नका"— तर त्याचा अर्थ एकच होतो. जोखीम व्यवस्थापन हा विषय कॉलेजात शिकवायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो एकच होतो. चांगल्या घरची मुलाकडची माणसं आधी शेजारी विचारतात, आणि घरच्यांना कळवू नका असंच म्हणतात.

दीपेश कल्याणला शिकला, मुंबईत नोकरीला लागला, आणि रविवारी झोपायचा. त्याला हे सुचलं नाही.

हौसाकाकींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बुटांपाशी नजर जरा थांबली. बूट पॉलिश केलेले होते.

"बस रे बाबा. कुठलं तुमी?"

"वाशिंद."

"घर सोताचं?"

"हो. काकी, प्रश्न मी विचारायचे आहेत."

"इचार की. आमी कुठं नाय म्हनतो?"

त्याने विचारले. "नम्रता रागीट आहे का?"

"राग येतो, पन टिकत नाय. दुधासारखा. वर आला का खाली बसला."

"कोणाशी भांडण, पोलीस केस?"

"छ्या!"

"कोणाच्या... म्हणजे कोणा व्यक्तीच्या फार प्रभावाखाली?"

काकींनी पदर सावरला. प्रश्न नाजूक होता आणि मुलाने तो अदबीने विचारला होता. "तसलं काय नाय. आमच्या डोल्यासमोर वाढलेली पोर हाय."

"अचानक मोठं संकट आलं तर कशी वागते?"

"मना म्हशीनं शिंग मारलेलं, तवा ही एवढीशी. सगली रडत बसली. हिनं म्हशीला बांधलं, मना खाटंवर घातलं, मंग रडली. आधी काम, मंग रडनं."

दीपेशचं पेन थांबलं. त्याच्या प्रश्नावलीत या उत्तराला जागा नव्हती, तरी ते त्याला कुठेतरी ठेवावंसं वाटलं.

तोवर ओट्यावर गर्दी झाली होती. गिरणी बंद करून संदीप आला होता. त्याला काही विचारण्याआधीच त्याने सांगितलं, की मुलगी पुऱ्या फार छान करते. समोरच्या घराच्या खिडकीत नम्रताची आई होती. मघाशी ती साध्या साडीत होती, आता नव्हती. आणि पोह्यांची बशी आली. वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड, वाफ निघतेय... दीपेशला भेटवस्तू धोरण आठवलं. पण हौसाकाकींनी ते वाचलेलं नव्हतं. त्या समोर उभ्या राहिल्या, आणि बशी रिकामी होईपर्यंत हलल्या नाहीत.

"परत ये," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना घेऊन."

"गरज वाटली तर आमच्याकडून येतील कोणीतरी," दीपेश प्रामाणिकपणे म्हणाला. गाडी वळणाआड जाईपर्यंत गावात तारखेवर बोलणं सुरू झालं होतं.

सोमवारी तो ऑफिसात शिरला तेव्हा नम्रता उभीच होती.

"काय केलंत तुम्ही काल?"

"संदर्भ तपासले. चांगले आहेत."

"आई सकाळपासून चार वेळा फोन करून विचारते, मुलाचं नक्षत्र कुठलं! सगळ्या गावाला वाटतंय तुम्ही मला बघायला आला होतात!"

त्याचा रंग उडाला. जोखीम अधिकाऱ्याच्या तोंडावरचा रंग उडताना पाहणं हे दुर्मिळ असतं. नम्रताला ते बघून थोडं बरं वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही.

"मी फक्त—"

"रागीट आहे का, हे कशाला विचारलंत?"

"ताणाखालची निर्णयक्षमता. छापील प्रश्न आहे."

"आणि पुऱ्या?"

"पुऱ्यांचं मी विचारलं नाही. ते त्यांनी आपणहून..."

"काय म्हणाले?"

"छान होतात, म्हणाले."

"संदीप ना? खोटारडा. माझ्या पुऱ्या फुगत नाहीत." मग एकदम सावध होऊन, "हे मुद्दाम केलंत ना? मला गप्प बसवायला? उद्या मी अहवालावर काही बोलले की म्हणाल, हिचं तर माझ्याशी जुळत होतं!"

"आणि मला असं वाटतंय," दीपेश हळूच म्हणाला, "की तुम्ही मला त्याच काकींकडे मुद्दाम पाठवलंत. अहवाल चांगला यावा म्हणून."

बाहेर अजयने साखळीला तेल घालणं थांबवलं होतं. ती साखळी आठवड्यात चौथ्यांदा तेल पीत होती.

"पोहे खाल्लेत तुम्ही," नम्रता शेवटी म्हणाली. "माझा चहा चालत नव्हता."

त्या दिवशी त्याने दोन कप चहा घेतला.

इकडे मुरबाडकडून दुसरी तपासणी निघाली होती. नम्रताचे नथूमामा एसटीतून निवृत्त झालेले. ते वाशिंदला उतरले. त्यांच्याकडे प्रश्नावली नव्हती, लॅपटॉप नव्हता. ते आधी दीपेशच्या न्हाव्याकडे दाढीला बसले. मग वाण्याकडे उधारी-बाकी आहे का ते काडेपेटी घेता घेता काढून घेतलं. दीपेशच्या शेजाऱ्याची गच्ची आवडल्याचं सांगून तिच्यावर चढले आणि तिथून दीपेशच्या घराचे पत्रे, पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे पाहिले. त्यात पुरुषाचे शर्ट पुरुषानेच पिळून घातलेले दिसत होते, कारण ते वाकडे होते. शेवटी शाळेत जाऊन त्याच्या जुन्या शिपायाला भेटले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोरगा बरा हाय. दारू नाय, तंबाखू नाय. आईला पित्ताचा तरास. पन एक गोष्ट हाय गो. सातवीत सहलीला गेला नाय."

"का?"

"बस जुनी होती, म्हनं."

नम्रता हसली. एकटीच, फोन ठेवल्यावर, बराच वेळ. मग तिला शंका आली, की आपण का हसतोय, आणि तिने हसणं बंद केलं.

बुधवारी दुपारी फोन वाजला. आतल्या पाड्यावर बायडी नावाच्या बाईला भात कापताना पेंढीखाली घोणस चावली होती. पायाला. दुसरी गाडी आधीच एका पेशंटला घेऊन गेलेली. अजय तिकडे, बाकीची पोरं आपापल्या गावी कापणीला. ऑफिसात नम्रता आणि तपासणी अधिकारी.

नम्रताने हेल्मेट घातलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मागे दुसरा माणूस लागतो, हे त्याला माहीत होतं.

"मी प्रशिक्षित नाही," तो म्हणाला.

"धरून बसता येतं का?"

"...येतं."

"चला मग."

डांबर संपलं. परतीच्या पावसाने वाट चिकट झाली होती, दोन्ही बाजूंना पिवळं भात, मध्येच करवंदीची जाळी शर्टाला ओढत होती. पाड्यावर बायडी अंगणात निजवलेली. नवरा भगताला आणायला निघाला होता, त्याला नम्रताने नावाने हाक मारून थांबवलं. पायाला काठी लावून सैल बांधलं, हलवू दिलं नाही. आवाज चढवला नाही, हातही थरथरले नाहीत. दीपेश ते बघत होता. म्हशीला बांधलं, खाटेवर घातलं...

परतताना पुढे नम्रता, मध्ये बायडी, मागे तो. उतारावर चाक सरकलं आणि तिघंही एका बाजूला गेली, पुन्हा सावरली.

"खांद्यावर हात ठेवू का?" त्याने मागून विचारलं. "तुमच्या. तोल—"

"हे विचारायची वेळ आहे?"

"परवानगी घ्यावी लागते."

"ठेवा! पडला नाहीत तर बघू!"

त्याने ठेवला. बायडीच्या डोक्यावरून पुढे आलेला तो हात ओला होता आणि जड होता. नम्रताला जाणवलं, की या माणसाने तिला अजून एकदाही 'सावकाश' म्हटलेलं नाही.

"बायडे, झोपू नको गं. बोल," नम्रता ओरडली. "कायपन बोल."

बायडीने बराच विचार केला. "तुमी दोघं नवरा-बायको काय गो?"

"नाय!" पुढून आणि मागून एकदमच आलं.

"मंग भांडताव कशाला?"

डांबरी रस्ता लागेपर्यंत नम्रताने फक्त वाटेकडे पाहिलं. बायडी मात्र हसत होती. कळ येत होती तेव्हा थांबायची, आणि पुन्हा हसायची.

दवाखान्यात औषध वेळेवर लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत ते बरं केलंत, आता बाहेर थांबा. दोघं व्हरांड्यात बाकावर बसली. त्याचा इस्त्रीचा शर्ट करवंदीने फाटला होता. तिचे हात आता थरथरायला लागले होते. तिने ते मांडीखाली दाबले.

"आधी काम, मग रडणं," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"संदर्भ."

ती रडली नाही, पण नाक ओढलं. मग म्हणाली, "आता लिहा. काय वाईट होऊ शकतं ते. सगळं बघितलंत."

"उतारावर तिघंही गेलो असतो."

"हो."

"आणि पाड्यावर गेलो नसतो तर ती एकटी गेली असती."

"हो."

"हे दोन्ही एकाच पानावर कसं लिहायचं, ते मला कोणी शिकवलं नाही." तो फाटकी बाही दुमडत बसला. "पाड्यापासून डांबरापर्यंत गाडी, तिथून पुढे रिक्षा. रिक्षावाल्यांना बांधून घेता येईल. विमा सगळ्यांचा. घरच्यांची संमती आधी. होऊ शकतं हे. पण—"

"पण काय?"

"काही नाही."

नम्रताचा संशय परत आला. तो 'पण' तिला त्याच्या डोळ्यांत दिसत होता आणि तो अहवालाचा वाटत नव्हता. किंवा अहवालाचाच असेल. तिने विचारलं नाही... त्यानेही सांगितलं नाही. घरी जाताना तिला कळलं, की तो तिला 'तू' म्हणायला लागलाय, का तिलाच तसं ऐकू आलंय, हे नक्की आठवत नाही.

शनिवारी विश्वस्तांची सभा. अनिलसर खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर, सरांसमोर पेढ्यांचा बॉक्स. दीपेशने स्वच्छ शर्ट घातला होता. तो उभा राहिला.

"मला हा अहवाल देता येणार नाही."

अनिलसरांनी पेढ्यांच्या बॉक्सवरचा हात काढला.

"आमच्या नियमाप्रमाणे तपासणाऱ्याचा हितसंबंध असेल तर त्याने तो सांगायचा आणि बाजूला व्हायचं. माझा आहे."

"कसला?" सरांनी विचारलं. "जमिनीचा?"

"नाही सर." त्याने नम्रताकडे पाहिलं नाही. बघण्याची गरजही नव्हती, कारण बाकी सगळे तिच्याकडे बघायला लागले होते. "व्यक्तीचा. सध्या तरी... एकतर्फी आहे."

दारात अजय होता. "आई शप्पत," तो म्हणाला. सभेच्या इतिवृत्तात हे आलं नाही.

नम्रता उठली. लाजायला उठली असं सगळ्यांना वाटलं.

"म्हणजे पळून चाललात!" ती म्हणाली. "पाड्यावर आलात, सगळं डोळ्यांनी बघितलंत, आणि आता मुंबईहून कोणीतरी दुसरा येणार, ज्याने पायवाट बघितलेली नाही. तो बंद करणार. आणि तू नामानिराळा!"

'तू' तिच्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या आलं.

"मी सही केली असती," दीपेश म्हणाला. "आजच केली असती. मग पुढे एक अपघात झाला असता. छोटासा. आणि कोणीतरी म्हणालं असतं, याने पोरीसाठी सही केली. मुरबाडात गाव साक्षीला आहे, पोहे खाल्लेले आहेत. त्या दिवशी तुझ्या गाड्या कायमच्या थांबल्या असत्या. दुसऱ्याची सही टिकेल, नम्रता. माझी टिकणार नाही."

पंखा फिरत होता. बाहेर भाताने भरलेला टेम्पो जात होता, त्याचा ओला वास आत आला.

"तो दुसरा पाड्यावर गेला नाही तर?"

"मी पाहिलेलं सगळं त्याला लिहून दिलंय. उताराचं पण. मी जे मनात ठेवलंय तेवढं सोडून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलताना चेहरा दिसतो, असं त्यानेच सांगितलं होतं. तिने नीट शोधलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एवढंच सापडलं.

"सर," ती अनिलसरांकडे वळून म्हणाली, "एक दुरुस्ती. एकतर्फी नाय ते."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि सभेला विचारलं, की हे ठराव म्हणून घ्यायचं का. कोणी हरकत घेतली नाही. मग पेढे वाटले गेले. दीपेशने बॉक्सकडे पाहिलं, क्षणभर थांबला...

"खा," नम्रता म्हणाली. "आता तू तपासणीवर नाहीस."

बाहेर पायरीवर ती त्याच्या शेजारी बसली. पाऊस नव्हता, वाऱ्याला फक्त कापलेल्या भाताचा वास होता.

"मामा गच्चीवर चढला होता तुमच्या शेजारच्या," ती म्हणाली.

"माहितेय. आईने त्यांना चहा पाठवला होता वर."

"सातवीतली सहल कुठली होती रे?"

"माळशेज."

"मी नेईन," ती म्हणाली. "गाडीवर."

त्याचा हात, या वेळी परवानगी न घेता, तिच्या हाताशेजारी येऊन टेकला. तिने तो तपासला नाही.

दिवाळीनंतर मुरबाडात सुपारी फुटली. त्याच आठवड्यात मुंबईहून दुसरे अधिकारी आले. वयस्कर, अबोल, त्यांनी चहाही घेतला नाही आणि पोहेही. पाड्यापर्यंत मात्र चालत गेले. त्यांनी सेवा चालू ठेवायला मंजुरी दिली. डांबरापर्यंत गाडी, पुढे रिक्षा, सगळ्यांचा विमा. गाडी चालवणाऱ्यांच्या यादीतून त्यांनी फक्त नम्रताला वगळलं. तिच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं, त्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि ते बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.